नेवाळीचं इंजिन

या शनिवारचा लेख जरा तेलकट आहे. टाईप करताना की-बोर्डवर काळे ठसे उमटतायत. हात तीन वेळा धुतले, पण ऐंशी वर्षांचं जुनं वंगण साध्या साबणाला दाद देत नाही.

झालं असं. दोन महिन्यांपूर्वी मामाबरोबर उल्हासनगरला पाच नंबरला गेलो होतो. त्याला ड्रिल मशीनचा सेकंडहँड चक हवा होता. मामा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालाय. नवीन वस्तू दुकानातून विकत घेणं हा त्याला स्वतःचा अपमान वाटतो. त्यामुळे अशा भंगारच्या वाऱ्या ठरलेल्या. चक काही मिळाला नाही. पण एका गाळ्याच्या कोपऱ्यात, वॉशिंग मशीनच्या ड्रमांच्या खाली, एक विचित्र वस्तू दिसली. बादलीपेक्षा थोडी मोठी, खाली लोखंडी नळकांडं, वर ॲल्युमिनियमचं टोपडं, आणि दोन्हीवर बाहेरच्या बाजूने पातळ पातळ पापुद्र्यांसारख्या पट्ट्या. शेजारी दोनेक फूट लांबीचा, वजनदार, किंचित पीळ असलेला ॲल्युमिनियमचा तुकडा.

मामा वाकून बघत राहिला. दुकानदार म्हणाला, "साईं, हवाई जहाज का है. नेवाली का."

भाव किलोवर झाला. चक राहिला बाजूला, आणि आम्ही रिक्षात विमान घालून बदलापूरला आलो. मामीने दारातच विचारलं, "हे काय आणि?" मामा म्हणाला, "याचा प्रोजेक्ट आहे." म्हणजे माझा! तेव्हापासून मी, वय वर्षं तेहतीस, सिनियर सॉफ्टवेअर इंजिनियर, दर शनिवारी मामाच्या गॅलरीत अप्रेंटिस आहे. स्टायपेंड म्हणून चहा आणि कांदेपोहे.

आता ज्यांना नेवाळी माहीत नाही त्यांच्यासाठी. कल्याणहून हाजीमलंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अंबरनाथ तालुक्यात नेवाळी गाव आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी विमानतळ बांधला. उपग्रहाच्या नकाशावर आजही जुन्या धावपट्ट्या ओळखू येतात. हिरव्यागार शेतांमधून कुणीतरी पट्टी ठेवून रेघा मारल्यासारख्या. त्याच काळात शेजारी कल्याण कॅम्प उभा राहिला, लष्करी बराकींचा. युद्ध संपलं, फाळणी झाली, आणि सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं त्याच बराकींमध्ये राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नवीन वसाहतीची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावं मात्र लोकांच्या तोंडी तशीच राहिली. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी हेही युद्धाच्याच धामधुमीतलं अपत्य. म्हणजे आपल्या या अख्ख्या पट्ट्याचा पाया एका युद्धाने घातलाय. आपण मात्र 'लोकलला गर्दी फार' एवढ्याच कारणासाठी त्याची आठवण काढतो :-)

इकडच्या भंगार बाजारात ॲल्युमिनियमचा कुठलाही जुना तुकडा निघाला की तो 'नेवाळीचा' असतो. मामाला हे पटत नव्हतं. तो म्हणाला, "आधी माप घे. मग गोष्ट सांग."

मग माप घेतलं. म्हणजे आधी आठवडाभर रॉकेलमध्ये भिजवलं, लाकडी चिपाट्यांनी वंगण खरवडलं, आणि मग व्हर्निअर लावला. मी एकदा माप घेऊन मोकळा झालो होतो. मामाने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं, असं सहा वेळा घ्यायला लावलं. कारण पिस्टन वर-खाली होताना भिंतीवर सगळीकडे सारखा घासत नाही. त्यामुळे वापरलेला सिलिंडर गोल राहत नाही, किंचित लंबगोल होतो. सहाही मापं १३९.७ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे साडेपाच इंच.

इथून पुढचं काम माझं. विमानाच्या इंजिनांचे आकडे नेटवर भरपूर मिळतात. बाहेरच्या पट्ट्या हवेने थंड होण्यासाठी असतात. म्हणजे स्पिटफायरचं मर्लिन बाद, कारण ते पाण्यावर थंड व्हायचं. टायगर मॉथच्या जिप्सी मेजरचा व्यास ११८ मिलिमीटर, बाद. हार्वर्डच्या वास्पचा पावणेसहा इंच, बाद. राईट सायक्लोनचा सहा इंचांच्या वर, तेही बाद. उरलं प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प, आर-१८३०. चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगांमध्ये चाकाच्या आऱ्यांसारखे लावलेले. व्यास साडेपाच इंच, दट्ट्याची धाव साडेपाच इंच, ताकद साधारण १२०० अश्वशक्ती. जगात कुठल्याही विमानासाठी सगळ्यात जास्त संख्येने बनलेलं पिस्टन इंजिन हेच, पावणेदोन लाखांच्या घरात. डाकोटाला अशी दोन असायची, लिबरेटर बॉम्बरला चार.

मी जाम खूश. "मामा, डाकोटाचं आहे! नेवाळीला उतरलेल्या!"

मामा म्हणाला, "डाकोटा फक्त नेवाळीलाच उतरायचं का?"

मुद्दा बरोबर होता. १९५३ मध्ये आठ खासगी विमान कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात ७४ डाकोटा होती. त्यांचे सिलिंडर बदलले जायचे, इंजिनं मोडीत निघायची, आणि सांताक्रूझ इथून काही लांब नाही. आपला सिलिंडर कुठूनही आलेला असू शकतो. माप खोटं बोलत नाही, पण ते फक्त 'काय' एवढंच सांगतं. 'कुठून' आणि 'कोणाचं' ते सांगत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आता माझ्या मूर्खपणाची कथा. वंगणाचा शेवटचा थर काही केल्या निघेना. एका शनिवारी मामा बाजारात गेलेला. मी सिंकच्या खालून मोरी साफ करायची कॉस्टिक सोड्याची पुडी काढली, पाण्यात कालवली आणि ॲल्युमिनियमच्या टोपड्यावर ओतली. दोन मिनिटांत ते सोड्याच्या बाटलीसारखं फसफसायला लागलं. मला वाटलं, वा, मळ निघतोय. मामा आला, वास घेतला, आणि त्याने पाण्याचा पाईप ओढून अक्षरशः माझ्या अंगावर सोडला. कॉस्टिकने मळ निघत नव्हता, ॲल्युमिनियम विरघळत होतं. त्यातून हायड्रोजन निघतो, तो वेगळाच. माझ्या कृपेने टोपड्याच्या दोन पट्ट्या कडेने कुरतडल्या गेल्या. ऐंशी वर्षं टिकलेल्या वस्तूचं मी दोन मिनिटांत जे केलं, ते आता कायमचं. इथे कंट्रोल-झेड नाही.

मामा ओरडला नाही, हेच जास्त लागलं. तो म्हणाला, "आमच्याकडे पहिले काही महिने फक्त कानस मारायला द्यायचे. लोखंडाचा ठोकळा. सहाही बाजू सपाट, गुण्यात. झाला की मास्तर बघणार आणि फेकून देणार. दुसरा घ्या. आम्हाला वाटायचं हा माणूस दुष्ट आहे. पण खरी वस्तू हातात देण्याआधी खोट्या वस्तूवर चुका संपवून घ्यायच्या असतात."

मामा १९७४ मध्ये अप्रेंटिस म्हणून लागला. १९६१ च्या ॲप्रेंटिसेस ॲक्टमुळे मोठ्या कारखान्यांना ठरावीक संख्येने शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं होतं. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी पितळ आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंसाठी ओळखली जाते. शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. या दोन भिंतींच्या आत अंबरनाथ-बदलापूरच्या दोन-तीन पिढ्या हाताने शिकल्या. आमच्या चाळीत एकेकाळी संध्याकाळी पाण्याच्या नळापाशी टॉलरन्सवर वाद व्हायचे. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच बरखास्त झालं. त्याच्या सात कंपन्या झाल्या आणि हे दोन शेजारी दोन वेगळ्या कंपन्यांमध्ये गेले. असो.

पण एकदा मीही मामाला वाचवलं, ते सांगितलंच पाहिजे. सिलिंडरमध्ये एक व्हॉल्व्ह अडकून बसला होता, एक्झॉस्टचा. मामाने ठरवलं, दांडा हॅक्सॉने कापायचा आणि दोन्ही बाजूंनी तुकडे काढायचे. मी त्या आठवड्यात जुनी मॅन्युअलं वाचत होतो. लिगसी सिस्टीमवर हात टाकण्याआधी डॉक्युमेंटेशन वाचायचं, ही एवढी एकच चांगली सवय मला ऑफिसने लावली आहे. त्यात होतं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा आतून पोकळ असतो आणि त्यात सोडियम धातू भरलेला असतो. इंजिन तापलं की ९८ अंशांना सोडियम वितळतो, व्हॉल्व्हच्या उघडझापीबरोबर आत हिंदकळतो, आणि व्हॉल्व्हच्या तापलेल्या डोक्याची उष्णता दांड्याकडे वाहून नेतो. काय सुंदर कल्पना आहे! पण हाच सोडियम पाण्याला लागला तर पेट घेतो. आणि आम्ही कापताना ब्लेड थंड ठेवायला पाण्याची बाटली शेजारी ठेवली होती.

मामा खाली बसला. म्हणाला, "चाळीस वर्षं काम केलं, हे माहीत नव्हतं." मग रोज थोडं थोडं पातळ तेल सोडत, लाकडी हातोडीने हलके ठोके देत, तीन आठवड्यांनी तो व्हॉल्व्ह अख्खा निघाला. तो आता डब्यात आहे, वर मी चिठ्ठी चिकटवलीय: 'कापू नये'.

या सगळ्यात मी एका जुन्या प्रकरणाच्या नादी लागलो. वेगळ्या शनिवारचा विषय होईल एवढं मोठं आहे, पण आमच्या सिलिंडरशी त्याचं थेट नातं आहे, म्हणून इथेच सांगतो.

युद्धात अमेरिकेने ब्रिटनला लेंड-लीज करारावर विमानं दिली होती. अट अशी की युद्ध संपल्यावर ती परत करा, पैसे भरा किंवा नष्ट करा. परत नेणं महाग, विकत घ्यायला पैसे नाहीत. त्यामुळे कानपूरला लिबरेटर विमानं ओळीने उभी करून निकामी करण्यात आली. यंत्रं फोडली, पत्र्यांना भोकं पाडली. इंजिनात वाळू ओतल्याच्याही कथा सांगतात. म्हणजे परत कुणी उडवू नये असा पक्का बंदोबस्त.

१९४८ मध्ये काश्मीरमध्ये युद्ध चालू होतं आणि भारताकडे जड बॉम्बर नव्हते. तेव्हा बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने हे भंगार हातात घेतलं. ही कंपनी आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने काढलेली. तंत्रज्ञ कानपूरला गेले. एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावत, कसंबसं उडेल एवढं ठीक करायचं. मग जमशेद मुन्शी नावाचा कंपनीचा टेस्ट पायलट ते बंगलोरला उडवत न्यायचा. हा गृहस्थ त्याआधी कधी लिबरेटर चालवलेला नव्हता. बंगलोरला पोचलं की सगळं उघडून खरं काम. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची पाच नंबरची स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. एकूण साधारण ४२ विमानं अशी परत उडाली. प्रत्येकाला चार इंजिनं, प्रत्येक इंजिनाला चौदा सिलिंडर. गुणाकार तुम्हीच करा. आमच्या गॅलरीत एक आहे आणि आमचे दोन महिने गेलेत.

पुढे ही विमानं बरीच वर्षं पुण्याच्या लोहगावला होती, समुद्रावर टेहळणी करायची. १९६८ च्या अखेरीला निवृत्त झाली. आणि गंमत बघा. अमेरिकेत १८ हजारांहून जास्त लिबरेटर बनली होती, पण तोवर जगभर जवळजवळ सगळी वितळवून झाली होती. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, सगळ्यांच्या संग्रहालयांना लिबरेटर हवं होतं. शेवटी त्यांनी ती भारताकडून नेली. ज्यांनी ती फोडली होती त्या ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयातलं विमानही १९७४ मध्ये इथूनच गेलेलं आहे.

ही गोष्ट आपल्याकडे 'बघा, भारतीय जुगाड!' अशी सांगितली जाते. मीही मामाला तशीच सांगितली. मामाला 'जुगाड' हा शब्द आवडत नाही. त्याने एकच विचारलं, "ती माणसं आधी काय करत होती?"

शोधलं. आणि उत्तर मिळाल्यावर गोष्टच बदलली. १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत बंगलोरचा तो कारखाना अमेरिकन हवाई दलाचा दुरुस्ती डेपो होता, ८४ वा एअर डेपो. डाकोटा, कॅटलिना, लिबरेटर, सगळी तिथे यायची. तिन्हींना इंजिन कुठलं? ट्विन वास्प. म्हणजे १९४८ मध्ये कानपूरला गेलेल्या हातांच्या पाठीशी काही वर्षांची उमेदवारी होती. त्यांनी हेच इंजिन उघडलं, मोजलं, घासलं, परत जोडलं होतं. चमत्कार वगैरे काही नव्हता. माणसं शिकलेली होती, एवढंच. मला वाटतं ही गोष्ट चमत्कारापेक्षा मोठी आहे, कारण चमत्कार परत करता येत नाही, शिकवणं परत करता येतं. याच कारखान्यात कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं. तेही हवेतून पडलेलं नव्हतं.

आता तो दुसरा तुकडा. पीळ असलेला, दोन फुटांचा. तो प्रोपेलरच्या पात्याचा, टोकाकडचा भाग. मला वाटलं होतं अपघातात तुटला असेल. मी मनात एक थरारक लँडिंगही रचलं होतं. मामाने तुटलेली बाजू उन्हात धरली आणि बोट फिरवलं. धातू थकून तुटला तर त्या जागी समुद्राच्या वाळूवर लाटांच्या रेषा उमटतात तशा वर्तुळाकार रेषा दिसतात, तडा रोज थोडा थोडा पुढे सरकल्याच्या. एका दणक्यात तुटला तर तोंड खडबडीत, दाणेदार. इथे दोन्ही नव्हतं. सरळ समांतर ओरखडे होते. "हे तुटलेलं नाही," मामा म्हणाला, "हे कापलंय. करवतीने. दोन्ही बाजूंनी कापत आले आणि मधला भाग वाकवून मोडला."

म्हणजे कुणीतरी बसून, घाम गाळून, चांगलं पातं कापलं होतं. भंगारात घालायला किंवा परत वापरू नये म्हणून. त्या क्षणी मला कानपूरची ती ओळ डोळ्यांसमोर आली. पण परत तेच, 'कुठून' आणि 'कोणाचं' हे करवतीच्या खुणा सांगत नाहीत.

पात्याच्या धारेवर बारीक टोचे होते. धावपट्टीवरचे खडे उडून बसतात ते. मामाने मला बारीक कानस दिली आणि सांगितलं, पात्याच्या लांबीच्या दिशेने मार, आडवी मारायची नाही. प्रोपेलर फिरताना पातं प्रचंड जोराने बाहेर ओढलं जातं. आडवा ओरखडा म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण. टोचा खोल खणून काढायचा नसतो, आजूबाजूचा धातू उतरता करून त्याला पसरट करायचं. त्यानंतर तडा उरलाय का हे बघायला खरे मेकॅनिक काय वापरतात माहीत आहे? कॉस्टिक सोडा! बेतानं केलेलं पातळ द्रावण, थोडा वेळ, मग धुऊन नायट्रिक ॲसिडने काळेपणा काढायचा. तडा असला तर काळी रेघ उमटते. जे मी गाढवासारखं ओतलं तेच शिकलेल्या हातात औषध. मामाने मला हे करून मात्र दिलं नाही. उमेदवारी अजून पूर्ण झालेली नाही म्हणे.

आपल्याकडे अशी कामं नंतर झाली नाहीत असं नाही. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं, त्याच्या पन्नासाव्या वर्षी, १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी तोच प्रवास परत केला. जुन्या लेपर्ड मॉथमधून. ते विमान उडण्याजोगं केलं होतं एअर इंडियाच्या तंत्रज्ञांनी. पण त्यानंतर हवाई दलाला आपलं टायगर मॉथ परत उडवायचं होतं तेव्हा ते दुरुस्तीला ब्रिटनला गेलं, आणि २०१२ च्या वायुसेना दिनी हिंडनला उडालं. २०१८ मध्ये आलेलं डाकोटाही तिकडेच तयार झालं. उडाली हे उत्तमच, मला आनंदच आहे. पण १९४८ मध्ये चार इंजिनांची ४२ विमानं भंगारातून उठवणाऱ्या देशाला एका इंजिनाच्या कापडी पंखांच्या विमानासाठी बाहेर जावं लागलं. यात कुणाचा गुन्हा नाही. हात निवृत्त होतात, आणि ते काय जाणत होते हे कुणी विचारून ठेवत नाही. मामाच्या बोटांना आता थोडा कंप सुटतो. व्हर्निअरची बारीक रेघ तो मला वाचायला लावतो आणि मग "हं, मला तेच वाटलं होतं" म्हणतो. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

लेख खरं तर इथे संपला असता. पण मागच्या आठवड्यात मी ऑफिसात सिलिंडरचे फोटो दाखवत होतो. सगळे 'कूल', 'ऑसम' वगैरे म्हणाले. आमच्या टीममधला एक जण नेवाळीच्या बाजूच्या गावातला आहे. त्याने फोटो बघितला आणि शांतपणे म्हणाला, "चांगलं आहे. पण त्या पट्टीखाली आमच्या आज्याची भातशेती होती रे."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. २२ जून २०१७ ला नेवाळीत आंदोलन पेटलं होतं, गाड्या जळाल्या होत्या, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या होत्या. बातमी मी लोकलमध्ये वाचली होती आणि 'आज रस्ता बंद असणार' एवढाच विचार केला होता. दीड हजार एकरांहून जास्त जमीन युद्धासाठी घेतली गेली. गावकऱ्यांचं म्हणणं, ती युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपलं, परत द्या. विमानं उडेनाशी झाल्यावर पिढ्यानपिढ्या ते तिथे शेती करत आले. सरकारदरबारी जमीन संरक्षण खात्याची, आणि नौदलाने भिंत घालायला घेतली तेव्हा भडका उडाला.

मी त्याला म्हणालो, "अरे, सिलिंडर नेवाळीचा आहे असं सिद्ध होत नाहीये." तो हसला. "सिलिंडरचं सिद्ध नाही झालं तरी चालतंय तुला. आमच्याकडे मात्र कागद मागतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दोन महिने एका धातूच्या तुकड्याचा मूळ पत्ता शोधत होतो, छंद म्हणून. माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसणाऱ्या माणसाच्या घरात तोच शोध तीन पिढ्या चाललाय, आणि तो छंद नाही. मी 'आपला इतिहास' म्हणून ज्या धावपट्टीच्या प्रेमात पडलो, ती कुणाच्या तरी बांधावरून गेलेली आहे. माप घेणारा माणूस सरळ असला तरी माप कुठे लावायचं हे त्याने ठरवलेलं असतं. मी ते इंजिनाला लावलं. जमिनीला लावायचं सुचलंच नाही.

शनिवारी मामाला हे सांगितलं. तो बराच वेळ पातं पुसत होता. मग म्हणाला, "त्याला घेऊन ये एकदा. बघू दे त्याला पण." एवढंच.

मी आधी ठरवलं होतं की सिलिंडर चकचकीत पॉलिश करून हॉलमध्ये ठेवायचा, वर काच टाकून टी-टेबल. फोटोही सेव्ह करून ठेवले होते. मामाने नाही सांगितलं. गंज थांबवायचा, तेलाचा हात द्यायचा, बस. पॉलिश केलं की कारखान्यातल्या मशीनच्या खुणा जातील, करवतीच्या खुणा जातील, आणि मग तो फक्त चमकणारा धातू उरेल. मी कुरतडलेल्या दोन पट्ट्याही तशाच ठेवायच्या. "तोही इतिहासच," मामा म्हणाला आणि गालातल्या गालात हसला.

सध्या काम एवढंच चाललंय की दर शनिवारी मामा बोलतो आणि मी लिहून घेतो. कानस कशी धरायची, तडा कसा वाचायचा, कुठल्या मास्तरने काय सांगितलं होतं. फाईलचं नाव दिलंय 'रीड मी'. पन्नास पानं झालीत. मामाला वाटतं मी मोबाईलवर टाईमपास करतोय.

उद्या रविवार आहे. टीममधला तो मित्र येतोय बदलापूरला. मामीने पोह्यांऐवजी वडे करायचं ठरवलंय. येताना तो घरातले जुने कागद आणणार आहे, मोडीत आहेत म्हणे, कुणालाच वाचता येत नाहीत. तुमच्यापैकी कुणाला मोडी येत असेल तर कळवा. उमेदवारी करायची तयारी आहे.